आगगाडीचा मार्ग कोणी ठरवावयाचा?

पुण्याहून नाशकास जावयाचे झाले तर आजमितीस उतारूपुढे तीन वाटा आहेत. एस. टी.त बसून चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर करीत सुमारे दोनशे दहा किलोमीटरांचा हमरस्ता धरावा, ही पहिली. आगगाडीनेच जाण्याचा हट्ट असेल तर घाट उतरून कल्याणकडे जावे आणि कसाऱ्याचा घाट पुन्हा चढून नाशिक गाठावे, ही दुसरी. अथवा दौंड, अहिल्यानगर, मनमाड असा साडेतीनशे किलोमीटरांहूनही मोठा वळसा घालावा, ही तिसरी. दोन्ही शहरे एकाच पठारावरची, एकाच भाषेची, दोन्हींत कारखाने, न्यायालये, विद्यालये व बाजारपेठा भरभराटीस आलेल्या. आणि तरीही एकीकडून दुसरीकडे रुळांवरून जावयाचे तर एक तर कोकणाच्या पायथ्यास उतरावे लागते किंवा मनमाडाची प्रदक्षिणा करावी लागते. एवढ्या उघड अडचणीचा परिहार आजवर का झाला नाही व आता होऊ घातला असता तो पुन्हा का अडला, ह्याचा विचार केला म्हणजे एका पुणे-नाशिक मार्गापुरताच नव्हे, तर ह्या देशात नवे लोहमार्ग कोठे घालावयाचे हे कोण व कशाच्या आधारे ठरवितो, ह्या मूळ प्रश्नाशीच आपण येऊन ठेपतो.

हकीकत थोडक्यात अशी. सुमारे २३५ किलोमीटर लांबीचा व सुमारे सोळा हजार कोटी रुपये खर्चाचा जलद लोहमार्ग पुणे व नाशिक ह्यांच्या दरम्यान घालण्याची योजना तयार झाली व २०२१ साली राज्याच्या मंत्रिमंडळाने तीस मान्यता दिली. हा मार्ग खेड, आंबेगाव, जुन्नर, संगमनेर, सिन्नर ह्या तालुक्यांतून जावयाचा होता. म्हणजे ज्या मुलखाने आजवर आगगाडीची शिट्टी ऐकली नाही, नेमक्या त्याच मुलखातून. मोजणी झाली, काही ठिकाणी जमिनींची खरेदीखतेही झाली. त्यानंतर जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामात ह्या मार्गामुळे व्यत्यय येईल असा आक्षेप पुढे आला, आणि २०२५ साली रेल्वे खात्याने सरळ मार्ग सोडून शिर्डी, पुणतांबे, निंबळक, अहिल्यानगर असा वळणाचा मार्ग पुढे मांडला. ज्यांच्या शेतांत मोजणीचे दगड रोवले गेले त्यांना गाडी नाही, आणि ज्यांच्याकडे गाडी आधीपासून आहे त्यांच्याकडे आणखी एक गाडी, असा ह्याचा अर्थ जुन्नर-संगमनेरच्या लोकांनी घेतला तर त्यांस दोष देता येणार नाही.

येथे एक गोष्ट प्रथमच स्पष्ट करून टाकतो. खोडदच्या दुर्बिणीशी आमचे भांडण नाही. डॉ. गोविंद स्वरूप ह्यांच्या पुढाकाराने १९९०च्या दशकात उभी राहिलेली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची ही दुर्बीण म्हणजे आमच्या देशाने स्वतःच्या बुद्धीने व स्वतःच्या हातांनी उभारलेले एक भूषण आहे. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी ती टिपते. आणि विजेच्या गाडीच्या माथ्यावरील दांडा व वरची तार ह्यांच्या घर्षणातून ठिणग्या उडाल्या की त्यांच्यापासूनही अशाच लहरी निघतात. शेजारी नगारा वाजत असता दूरची कुजबूज ऐकू येऊ नये, तसा हा प्रकार आहे. तेव्हा शास्त्रज्ञांनी हरकत घेतली ती योग्यच. मौज आहे ती निराळीच. ही दुर्बीण काही गेल्या पावसाळ्यात उगवलेली नाही. तिच्या तबकड्या कोसांवरून दिसतात. मग मार्गाची रेघ नकाशावर ओढताना, मंत्रिमंडळापुढे कागद ठेवताना, शेतकऱ्याशी खरेदीखत करताना ती कोणाच्याच दृष्टीस कशी पडली नाही? आणि पडली असेल, तर तिचा उलगडा आधीच चारचौघांत का झाला नाही? वरातीमागून घोडे नाचवावे त्याप्रमाणे मुख्य आक्षेपाचा विचार सर्व काही झाल्यावर करावयाचा, ही जी पद्धत तिच्यावर आमचा रोख आहे.

ही पद्धत आजची नाही. तिचा उगम जाणण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, हे शाळेतील मुलासही ठाऊक आहे. परंतु तिच्या आधी १८४९ साली विलायतेतील कंपनीशी जो करार झाला त्याची आठवण फारशी कोणी ठेवीत नाही. भांडवलावर शेकडा पाच टक्के व्याजाची सरकारची हमी आणि जमीन फुकट, अशा त्या अटी होत्या. कमी पडेल ते रयतेच्या करातून भरून द्यावयाचे, आणि मार्ग कोठून न्यावयाचा ह्याविषयी त्या रयतेस मात्र एका शब्दानेही विचारावयाचे नाही, असा तो सौदा होता. मार्ग ठरले ते लष्कराच्या हालचालीसाठी व बंदराकडे जाणाऱ्या कापसासाठी. खामगावास १८७० साली फाटा मिळाला तो वऱ्हाडच्या उतारूची दया आली म्हणून नव्हे, तर तेथील कापसाच्या गठ्ठ्यांसाठी. मूर्तिजापुराहून एकीकडे अचलपूर व दुसरीकडे यवतमाळ येथे गेलेली, लोकांनी प्रेमाने 'शकुंतला' म्हटलेली अरुंद मापाची गाडीही कापसाचीच लेक. नाशकाचे स्टेशन शहरापासून आठनऊ किलोमीटरांवर पडले, आणि बार्शीसारखी पेठ मुख्य मार्गाने बाजूस टाकल्यामुळे तिला १८९७ साली एका खासगी कंपनीच्या हलक्या गाडीवर भागवून घ्यावे लागले. तीच गाडी पुढे लातुरास गेली, पण वाटेतील धाराशिव शहरास तिने वळसा दिला. तो दोष दुरुस्त होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले.

ह्या इतिहासात दौंड-मनमाड मार्गाचे स्थान लक्षात घेण्यासारखे आहे. तो १८७८ साली खुला झाला. ते दिवस भीषण दुष्काळाचे होते; १८८०च्या दुष्काळ आयोगाने तर आणखी पाच हजार मैल रूळ तातडीने घालावे अशी शिफारस केली. त्या काळी त्या मार्गाचे जे काही प्रयोजन असेल ते असो. पण २०२५ साली पुण्याच्या व नाशिकच्या उतारूस जो नवा मार्ग देऊ केला गेला त्याचा मोठा भाग ह्या १८७८च्याच रुळांच्या शेजारून जातो. म्हणजे परक्या राजवटीने दीडशे वर्षांपूर्वी ज्या मुलखास बाजूस टाकले, त्याच मुलखास स्वराज्यातील खातेही बाजूस टाकणार. कारण काय, तर रूळ तिकडे आहेत! रूळ तिकडे आहेत म्हणून उतारू तिकडे, उतारू तिकडे आहेत म्हणून नवे रूळ तिकडे, असे हे चक्र एकदा चालू झाले म्हणजे ज्या तालुक्यास प्रारंभी गाडी मिळाली नाही त्यास ती कल्पान्तीही मिळावयाची नाही.

आता कायद्याकडे वळू. आम्ही कायद्याचे विद्यार्थी असल्यामुळे कोणत्याही अन्यायाची दाद कोठे लागते हे पाहण्याची आम्हांस सवय आहे. १९८९च्या रेल्वे कायद्यात २००८ साली जमीन संपादनाचे एक स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्याप्रमाणे विशेष प्रकल्पासाठी जमीन घेण्याची अधिसूचना निघाली म्हणजे त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे अशा माणसास तीस दिवसांच्या आत लेखी हरकत घेता येते, व त्याचे म्हणणे जातीने किंवा वकिलामार्फत ऐकून घ्यावे लागते. हे ठीकच आहे. परंतु ह्यात ऐकले जाते कोणाचे? ज्याची जमीन जाते त्याचे. ज्याची गाडी जाते त्याचे काय? मार्ग दहा कोस पलीकडे सरकल्यामुळे ज्या गावाचे स्टेशन नाहीसे झाले त्या गावाचा त्या जमिनीत 'हितसंबंध' नाही. म्हणून त्याला तीस दिवसही नाहीत आणि तीस मिनिटेही नाहीत. २०१३च्या भूमिसंपादन कायद्याने प्रकल्पाचा समाजावर काय परिणाम होईल ह्याची चौकशी गावसभेपुढे करण्याची चांगली प्रथा घातली. पण त्याच कायद्याच्या कलम १०५ने व चौथ्या परिशिष्टाने रेल्वे कायद्यास त्या चौकशीतून वगळले. नुकसानभरपाईचे नियम पुढे लागू झाले, चौकशी मात्र लागू झाली नाही. पर्यावरणाच्या २००६च्या अधिसूचनेप्रमाणे नव्या राष्ट्रीय हमरस्त्यास पूर्वमंजुरी लागते व त्यासाठी जनसुनावणीचा मार्ग आहे. त्या यादीत लोहमार्गाचे नावच नाही. सारांश, शंभर किलोमीटरांचा डांबरी रस्ता करावयाचा तर लोकांपुढे उभे राहावे लागते, आणि अडीचशे किलोमीटरांचा लोहमार्ग घालावयाचा किंवा गुंडाळावयाचा तर कोणापुढेही उभे राहावे लागत नाही. लहानातल्या लहान दिवाणी न्यायाधीशास बांधावरच्या एका झाडाचा निकाल देतानाही कारणे लिहून द्यावी लागतात. सोळा हजार कोटींचा निकाल मात्र कारणांवाचून दिला तरी चालतो!

पूर्वी निदान एक खिडकी उघडी होती. १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प स्वतंत्रपणे मांडला जात असे व त्या निमित्ताने कोणत्या प्रांतास काय मिळाले ह्याचा जाब दरसाल विचारला जाई. २०१७ साली तो सामान्य अर्थसंकल्पात विलीन झाला. ह्या बदलाचे काही फायदे असतील. आम्ही ते नाकारीत नाही. पण त्या एका दिवशी सर्व देशाचे लक्ष रुळांकडे लागत असे, ते आता लागत नाही, हे कबूल केले पाहिजे.

कोणी म्हणेल, खात्यापाशी काही कसोटी तर असेलच. कसोटी आहे, पण ती पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. नव्या मार्गाच्या भांडवलावर शेकडा चौदा टक्के परतावा मिळाला पाहिजे, असा दंडक खात्याने पुष्कळ वर्षे पाळला. आता उतारूंच्या गाडीचे भाडे गरिबास परवडावे म्हणून खर्चापेक्षा कमी ठेवावयाचे व ती तूट मालगाडीच्या उत्पन्नातून भरून काढावयाची, हे सरकारचेच धोरण. म्हणजे ज्या मार्गावर मुख्यतः उतारूच बसणार तो मार्ग ह्या कसोटीस उतरणे अशक्य, हे आधीच ठरलेले. ज्या परीक्षेत सर्वच विद्यार्थी नापास व्हावयाचे, तिचा उपयोग गुणवत्ता ओळखण्यास होत नाही. मग वरच्या वर्गात जातो तो ज्याची ओळख असेल तो. तोट्याचे म्हणून सर्व मार्ग सारखेच ठरले की त्यांतला एक उचलण्यास वजन हेच कारण उरते. बळी तो कान पिळी हा न्याय खात्याच्या नियमपुस्तकात कोठे लिहिलेला नाही. पण अशक्य कसोटी ठेवून तो मागील दाराने आत आणला जातो.

ह्याचे फळ काय होते ते बीड जिल्ह्यास विचारावे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरांचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला. तेव्हा त्याचा अंदाज सुमारे साडेतीनशे कोटींचा होता. दर वर्षी चिमूटभर रक्कम, दर निवडणुकीस मूठभर आश्वासन, असे करता करता २०२२ साली गाडी आष्टीपर्यंत पोचली, आणि १७ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे मराठवाडा मुक्तिदिनी, ती बीड शहरास आली. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणास पहिली गाडी येण्यास तीस वर्षे लागली, व खर्चाचा अंदाज चार हजार आठशे कोटींवर गेला. ज्या जिल्ह्यातून दरसाल ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे मुलाबाळांसह बाहेर पडतात, त्या जिल्ह्यातील एक पिढी वाट पाहता पाहता म्हातारी झाली. वर्धा-यवतमाळ-नांदेड ह्या २८४ किलोमीटरांच्या मार्गाचीही तीच कथा; त्याचा वर्ध्यापासून कळंबपर्यंतचा पहिला तुकडा २०२४च्या फेब्रुवारीत खुला झाला. हे मार्ग अयोग्य होते असे नाही. उलट, ते इतके योग्य होते की कोणासही ते नाकारता आले नाहीत. आणि अग्रक्रम ठरविण्याची उघड रीत नसल्यामुळे कोणासही ते वेळेवर पुरे करता आले नाहीत.

ह्याच्या उलट उदाहरणही आपल्याच घरी आहे. कोकण रेल्वेसाठी बॅरिस्टर नाथ पै ह्यांनी लोकसभेत आवाज उठविला. पुढे मधु दंडवते अर्थमंत्री व जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असता १९९० साली तिच्यासाठी स्वतंत्र कंपनी निघाली. केंद्राच्या रेल्वेने ५१ टक्के, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५ आणि गोवा व केरळ ह्यांनी प्रत्येकी ६ टक्के असा भार उचलला. उरलेला पैसा कर्जरोख्यांनी उभा केला. ई. श्रीधरन ह्यांच्या हाताखाली डोंगर पोखरून, खाड्या ओलांडून ७४१ किलोमीटरांचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पुरा खुला झाला. पैसा कोणाचा, जबाबदारी कोणाची व मुदत किती, हे आधी ठरले असले म्हणजे सह्याद्रीही वाट देतो, हा ह्यातील धडा. पण दुसराही एक धडा आहे व तो कडू आहे. गोव्यात ह्या मार्गाच्या आखणीवरून खाजणशेतीचा व जुन्या वस्त्यांचा प्रश्न निघाला, आणि काम सुरू झाल्यावर चौकशी बसवावी लागली. कोकणात कित्येक स्टेशने ज्या गावाच्या नावाने ओळखली जातात त्या गावापासून दूर पडली. 'राजापूर रोड' हे नाव ज्यास भुलवील त्याने राजापुरापर्यंतच्या रिक्षाचे भाडे आधी विचारून ठेवावे. दूरच्या प्रांतांकडे जाणाऱ्या गाड्या धडधडत निघून जातात आणि लहान स्टेशनावरचा माणूस त्यांच्या डब्यांची संख्या मोजीत उभा राहतो, ही तक्रार आम्ही तेथील लोकांच्या तोंडून अनेकदा ऐकली आहे. तात्पर्य, मार्ग मिळाला म्हणजे गाडी मिळालीच असे नव्हे.

गाडी म्हणजे काय हे ज्यास ठरवावयाचे आहे त्याने एकदा तारखेच्या दिवशी न्यायालयाच्या आवारात उभे राहावे. आमच्या वकिलीच्या आरंभीच्या दिवसांतील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. घाटाकडच्या एका गावची विधवा पोटगीच्या दाव्यासाठी पुण्यास येत असे. पहाटे घर सोडूनही एकदा चाकणाजवळ वाहनांची रांग लागली व बाई दोन प्रहरी पोचली. पुकारा होऊन गेला होता. अर्ज गैरहजेरीत निकाली निघाला. तो पुन्हा उभा करण्यास चार महिने गेले, आणि त्या चार महिन्यांत तिच्या घरी चूल कशी पेटली हे तिलाच ठाऊक. न्यायाधीशांचा दोष नव्हता, बाईचा नव्हता, एस. टी.च्या चालकाचाही नव्हता. दोष असलाच तर दोनशे किलोमीटरांच्या मुलखाचा सर्व भार एका रस्त्यावर टाकून स्वस्थ बसलेल्या व्यवस्थेचा होता. अशा बाईच्या चार महिन्यांची किंमत त्या चौदा टक्क्यांच्या हिशेबात कोणत्या रकान्यात मांडतात, हे आम्हांस आजवर कोणी सांगितलेले नाही.

म्हणून आमची मागणी अमुक मार्ग घ्या व तमुक टाका अशी नाही. ती पद्धतीविषयी आहे, व ती पाच कलमांत सांगता येते. पहिले, नव्या उतारू मार्गाची कसोटी केवळ परताव्याची नसावी. ज्यांना आज कोणतेच स्टेशन सोयीचे नाही असे किती लोक त्या मार्गाने गाडीच्या टप्प्यात येतील, आणि कोर्ट, रुग्णालय, महाविद्यालय, बाजार व कारखाना गाठण्यास त्यांचा किती वेळ वाचेल, हे प्रथम मोजावे. दुसरे, एकच मार्ग पुढे न ठेवता निदान दोनतीन पर्याय एकाच मापाने मोजून त्यांचे आकडे मराठीत छापून प्रत्येक तहसील कचेरीत ठेवावे. तिसरे, रेघ कायम करण्यापूर्वी प्रत्येक तालुक्यात जाहीर सुनावणी घ्यावी, आणि तीत जमीनमालकाप्रमाणेच उतारूस, शास्त्रज्ञास व व्यापाऱ्यासही बोलू द्यावे. चौथे, जो निर्णय होईल तो कारणांसहित लिहून प्रसिद्ध करावा, व नाकारलेले पर्याय का नाकारले हेही त्यात असावे. पाचवे, मार्गाबरोबर वेळापत्रकाचे वचन द्यावे: दिवसाला किती गाड्या, कोणत्या स्टेशनांवर थांबणाऱ्या, आणि स्टेशन व एस. टी. स्थानक ह्यांच्यात अंतर किती. कायद्यात ह्यासाठी दुरुस्ती लागेल. पण ती होईपर्यंत खात्यास आपण होऊन हे करण्यास कोणत्याही कलमाची आडकाठी नाही.

पुणे-नाशिक मार्गास ही रीत लावली असती तर काय झाले असते? दुर्बिणीचा आक्षेप पहिल्याच सुनावणीत पुढे आला असता. तबकड्यांपासून किती अंतर राखले असता हरकत नाही, मार्ग कोठे सरकविता येतो, डोंगराच्या पोटातून बोगदा नेणे शक्य आहे काय व त्यास खर्च किती, ह्याची उत्तरे शास्त्रज्ञांनी व अभियंत्यांनी समोरासमोर बसून दिली असती. कदाचित सरळ मार्ग अशक्यच ठरला असता. तसे ठरते तर तेथील लोकांनी ते जड अंतःकरणाने का होईना, मानले असते. कारण जे कळते ते सोसवते. आजही वेळ गेलेली नाही. शिर्डी-अहिल्यानगरकडील मार्ग वाढवावयाचा तर अवश्य वाढवावा. तिकडचे लोकही आमचेच आहेत, व एका जिल्ह्याच्या ताटातले ओढून दुसऱ्यास वाढावे असे आम्ही कधीच म्हणणार नाही. पण त्या मार्गास 'पुणे-नाशिक' हे नाव देऊन जुन्नर, संगमनेर व सिन्नर ह्यांचा प्रश्न सुटला असे भासवू नये. त्यांचा प्रश्न निराळा आहे व तो शिल्लक आहे.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की हे तज्ज्ञांचे काम आहे. लोकांना विचारू लागलो तर जो तो आपल्या दाराशी स्टेशन मागेल व मार्ग सर्पाकृती होईल. आम्ही म्हणतो, सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतो म्हणून दोघांनाही डिक्री देत नाही. ऐकावयाचे सर्वांचे व ठरवावयाचे पुराव्यावर, एवढेच आमचे म्हणणे. दुसरा आक्षेप विलंबाचा. सुनावण्यांत वर्षे जातील, असे म्हणतात. पण बीडची तीस वर्षे कोणत्या सुनावणीत गेली? आणि खोडदचा आक्षेप न ऐकल्यामुळे किती वर्षे वाचली? न ऐकल्याने वेळ वाचतो हा समज परक्या राजवटीने ठेवून गेलेल्या सामानापैकी आहे. तो आता अडगळीत टाकावा हे बरे.

दोन शब्द आमच्या वाचकांसही ऐकविले पाहिजेत, मग ते गोड लागोत वा न लागोत. गाडी पाहिजे, पण ती शेजाऱ्याच्या शेतातून जावी, अशी वृत्ती आमच्याकडे थोडी नाही. सरळ मार्गाची मोजणी सुरू होती तेव्हा बागायती जमिनी जातात म्हणून काही गावांनी विरोध केला. मार्ग हलला तेव्हा गाडी गेली म्हणून त्याच टापूत सभा झाल्या. दोन्ही दुःखे खरी आहेत. बागायतदाराचा मळा म्हणजे त्याच्या तीन पिढ्यांचे श्रम असतात, हे आम्ही जाणतो. परंतु सार्वजनिक हिताची गोष्ट मागणाऱ्याने तिच्या किंमतीतला आपला वाटा काय, हेही त्याच सभेत सांगितले पाहिजे. सुनावणीचा हक्क मागणाऱ्यांनी तिला तयारीने जावे. गावाची लोकसंख्या, शिकणारी मुले, बाजारचा माल, रुग्णांच्या फेऱ्या ह्यांचे आकडे ग्रामपंचायतीने आजपासूनच जमवावे. रस्ता अडवून एक दिवस वर्तमानपत्रात नाव येते. आकडे मांडून मात्र मार्ग बदलता येतो.

विलायतेतील कचेरीत बसून ज्यांनी आमच्या नकाशावर रेघा ओढल्या त्यांना आमचे गाव ठाऊक नव्हते आणि ते जाणून घेण्याची त्यांना गरजही नव्हती. कारण ते आम्हांस जबाबदार नव्हते. आज रेघ ओढणारे आमचेच आहेत, आमच्या मतांनी बसलेले आहेत, आमच्या करांवर चालणारे आहेत. तेव्हा फरक काय पडला, असे विचारण्याचा अधिकार संगमनेरच्या शेतकऱ्यास आहे. रेघ कदाचित त्याच्या गावापासून दूरच जाईल. पण ती का गेली हे त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या तालुक्यात येऊन, लेखी सांगितले गेले, तर फरक पडला असे म्हणता येईल. तोपर्यंत पुण्याचा उतारू नाशकास जाताना मनमाडच्या फलाटावर गाडी बदलीत उभा राहील, आणि १८७८ सालचे रूळ त्याच्यासमोर तसेच पसरलेले असतील.